अल्सीदच्या गाडीवरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. घराच्या दारावरची नव्हे, गाडीच्या दारावरची. अंगाने रबरासारखी मऊ आणि पाठीला चुंबक. पत्र्यावर ठेवली की चिकटायचे, ओढली की निघायचे. माझ्यावर लिहिलं आहे, 'अल्सीद मेलान्सों, छपरांची कामं', आणि त्याखाली पाच आकडे.

लुईझियानातल्या बेल रिव्ह गावात, पाट्या करणाऱ्याच्या दुकानात माझा जन्म झाला. अल्सीदने अक्षरांची मापं सांगितली तेव्हा दुकानदाराला हसू आवरेना.

"नाव बोटभर आणि आकडा वीतभर? लोकांनी तुला काय आकड्याने हाक मारायची?"

"नाव काय, आईबापांनी फुकट ठेवलं," अल्सीद म्हणाला. "आकड्यासाठी परीक्षा दिलीय मी. तोच मोठा काढ."

तो आकडा त्याच्या परवान्याचा होता. राज्याच्या मंडळाने त्याची परीक्षा घेऊन, त्याचा विमा पाहून तो दिला होता. काम करताना कोणी पडलं, कोणाचं घर मोडलं, तर भरपाईला विमा होता. पहिल्या दिवशी त्याच्या निळ्या गाडीवर चढले तेव्हा मी एवढी फुगले होते, की वाऱ्याने उडाले नाही हेच नशीब.

अल्सीदची एक खोड गावभर प्रसिद्ध होती. शिडी गाडीवरून उतरवायच्या आधी तो घरमालकाला म्हणायचा, "आधी फोन करा." एक फोन परवाना मंडळाला, माझ्यावरचा आकडा वाचून. दुसरा विम्याच्या कचेरीला, विमा आज चालू आहे का हे विचारायला. विम्याचा कागद त्याच्या खिशात असायचाच, पण तो म्हणायचा, "कागद कालचा असतो हो. आजचं त्यांना विचारा." फोन होईपर्यंत हा गडी व्हरांड्यात हाताची घडी घालून उभा.

लोक वैतागायचे. न्हावी तर एकदा ओरडला, "अरे, तुझ्या बारशाला जेवलोय मी! तुझी काय चौकशी करू?"

"बारशाला जेवलात, पण विम्याच्या कचेरीत नाही ना गेलात? करा फोन."

सगळ्या गावात एकट्या अर्लीनबाईंनी त्याची कधी थट्टा केली नाही. वादळं आली की त्यांच्या छपराची काही ना काही डागडुजी निघायचीच. आम्ही दारात थांबलो की त्या काही न बोलता स्वयंपाकघरातल्या फोनकडे जायच्या, दोन्ही फोन करायच्या, आणि मगच कॉफी ठेवायच्या. मला वाटायचं, बाई जरा भित्र्या असाव्यात.

माझे ते दिवस सुखाचे होते. अल्सीद रोज संध्याकाळी मला दारावरून काढायचा, कारण तशीच ठेवली तर खाली पाणी साचतं आणि पत्रा गंजतो. दर शनिवारी साबणाच्या पाण्याने अंघोळ, मग जेवणाच्या टेबलावर पालथी वाळवण. "ती तुझी घोरपड उचल, कोळंबी वाढायचीय," असं त्याची बायको ओरडायची, पण मला उचलायची ती हलक्या हातानेच. बावीस वर्षं असा संसार चालला.

मग अल्सीदला छातीत दुखू लागलं, आणि एका वसंतात तो गेला. गाडी विकली गेली. मी मागच्या शेडमध्ये रंगाच्या डब्यांखाली जाऊन पडले. माझा एक कोपरा दुमडला, अंगावर कोळ्याने जाळं विणलं. दोन वर्षं कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. एवढी रडले मी, पण पाटीचं रडणं कोणाला दिसतं?

एके सकाळी अल्सीदच्या पुतण्याने, नोलनने, मला बाहेर काढलं. पंचविशीचा, हाताचा चलाख पोरगा. छपरांचं काम तो काकाच्याच हाताखाली शिकला होता. त्याने मला पुसलं आणि स्वतःच्या पांढऱ्या गाडीवर चिकटवलं. पुन्हा ऊन लागलं, पुन्हा रस्ता दिसला. खरं सांगते, मी आनंदाने वेडी झाले. वळणावर गेल्यावर लक्षात आलं की नोलनने परीक्षा कधी दिलीच नव्हती, आणि माझ्यावरचा आकडा त्याचा नव्हता.

गाडी अर्लीनबाईंच्या दारात थांबली. वादळाने त्यांच्या छपराच्या फळ्या उचकटल्या होत्या, निजायच्या खोलीत बादली ठेवली होती, आणि शुक्रवारी पुन्हा पाऊस येणार होता. बाई आता ऐंशीच्या झालेल्या. काठी टेकत आल्या आणि मला बघून थबकल्या.

"अगं बाई, अल्सीदची पाटी!" त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

नोलन शिडी उतरवू लागला.

"थांब बाळा. आधी फोन करते."

"मिस अर्लीन, मी लायोनेलचा मुलगा. ओळखलं नाही का?"

"ओळखलं ना. नाक बापाचंच आहे. पण या दारात फोन झाल्याशिवाय तुझा काका कधी शिडीला हात लावत नसे. त्याची आठवण म्हणून तरी करू दे."

त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. फोनची लांब तार ओढत त्या व्हरांड्यात आल्या आणि चष्म्याशिवाय माझ्यावरचा आकडा मोठ्याने वाचू लागल्या. मला वाटलं, कोणी मला उपडी केली तर बरं. पलीकडची मुलगी काय म्हणाली ते बाईंच्या चेहऱ्यावरच दिसलं. परवाना ज्याचा होता तो माणूस वारला, परवाना बंद झाला. नोलन मेलान्सों या नावावर काही नाही. विम्याच्या कचेरीनेही तेच सांगितलं.

नोलनचे कान लाल झाले. "कागदाचं काय एवढं? काम काकानेच शिकवलंय मला. उद्या संध्याकाळपर्यंत छप्पर बंद करून देतो. शुक्रवारी पाऊस आला तर झोपणार कुठे तुम्ही?"

अर्लीनबाई पायरीवर बसल्या.

"तुझा बाप लंगडत का चालायचा रे?"

"छपरावरून पडला होता म्हणून."

"कोणाच्या छपरावरून?"

"ते कधी सांगितलं नाही त्यांनी."

"ह्याच." त्यांनी काठीने वर दाखवलं. "तुझा जन्म व्हायचा होता. आम्ही बाहेरगावचा एक ठेकेदार लावला, काही न विचारता. गोड बोलत होता, आम्ही भुललो. त्याने लायोनेलला चार दिवसांपुरतं कामाला घेतलं होतं. लायोनेल पडला, आणि तो माणूस शिडी इथेच टाकून पळाला. ना परवाना, ना विमा. तुझ्या बापाचा पाय कधी नीट जोडलाच गेला नाही. त्यानंतर अल्सीदने ती परीक्षा दिली. मला जन्मात एका शब्दाने बोलला नाही तो. दर वेळी फोन तेवढा करायला लावायचा."

मित्रांनो, बावीस वर्षं मी तो आकडा छातीवर मिरवला, आणि तो कुठून आला हे मला त्या दिवशी कळलं. बाईंना मी भित्र्या समजत होते. माझीच मला लाज वाटली.

"आता त्याच्या मुलालाही मी त्याच छपरावर तसंच चढवू?" बाईंचा आवाज फाटला. "भिजेन मी. खुशाल भिजेन."

नोलन गाडीपाशी आला आणि त्याने मला कोपऱ्यापासून हळूहळू सोडवलं, काका सोडवायचा तसंच. मग मला बाईंच्या मांडीवर ठेवून तो तिथेच पायरीवर बसला.

थोड्या वेळाने बाईंनी पुन्हा फोन उचलला. पलीकडच्या गावात व्हिव्हियन नावाची एक ठेकेदारीण होती. तिच्याकडे परवाना होता आणि विमा त्या दिवशी चालू होता, हे आधी दोन ठिकाणी विचारून झालं. मग बाई तिला म्हणाल्या, "काम तुला देते, पण माझा एक मुलगा कामावर घे. हात चांगला आहे. आधी त्याचं नाव तुझ्या विम्यात चढव, मग त्याला चढव."

गुरुवारी नोलन त्याच छपरावर चढला. अर्लीनबाई दिवसभर व्हरांड्यात उभ्या होत्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. आणि काहीच झालं नाही. सगळे शिडीने खाली आले, त्यांनी अंजिराचा मुरंबा घातलेला केक खाल्ला, आणि शुक्रवारचा पाऊस बाहेरच्या बाहेर पडून गेला. बहुतेक दिवशी असं काहीच होत नाही, म्हणून तर माणसं विचारायला विसरतात.

आता मी बाईंच्या जुन्या फ्रिजवर असते. नोलन परीक्षेचा अभ्यास करतो आहे. आकडेमोडीत तो कच्चा आहे, एकदा नापासही झाला, पण पुन्हा बसणार आहे.

मित्रांनो, घरात कामाला माणूस बोलावलात तर त्याला प्रेमाने कॉफी विचारा, आणि तितक्याच प्रेमाने परवाना आणि विमाही विचारा. पण उत्तर माझ्यासारख्या पाटीवर वाचून गप्प बसू नका. अल्सीदच्या गाडीवर मी जेवढी घट्ट बसायचे, तेवढीच घट्ट मी नोलनच्या गाडीवरही बसले होते.