आईच्या दाढेतली चांदी

फुटक्या फिलिंगचं काय करायचं हे ठरवताना आम्ही दातांचे डॉक्टर फार शहाणपणाचा आव आणतो. नुसता काठ तुटला असेल तर डागडुजी करायची, आत कीड असेल तर सगळं उकरून नवं भरायचं. उकरताना थोडा चांगला दातही जातो, म्हणून हात आवरता घ्यायचा. एवढंच शास्त्र, बाकी अंदाज.

आईच्या डाव्या दाढेतली चांदी बाबांनी भरली होती, पंचवीस वर्षांपूर्वी, याच दवाखान्यात. दवाखाना आता मी चालवते, तरी बाबा रोज दहाच्या ठोक्याला हजर असतात आणि माझ्या खांद्यामागे उभे राहतात. आईची खालची अर्धी कवळी त्याच दाढेला अडकवलेली. दाढ गेली की कवळी गेली, आणि आईचं चावून खाणंच संपलं.

चांदीचा काठ तुटला होता. एक्स-रेत चांदी पांढरीफेक दिसते, तिच्याआडची कीड दिसेलच असं नाही. म्हणून पेशंटलाच विचारायचं असतं.

"आई, थंड पाण्याने कळ येते का? आणि आली तर बराच वेळ राहते?"

"नाही गं," आई म्हणाली.

"येईल कशी?" मागून बाबा. "काठ तेवढा सांधून टाक. उगाच उकरत बसू नकोस."

माझं डोकं तडकलं, पण आईनेच नाही म्हटल्यावर भांडणार कशावरून? वीस मिनिटांत काठ सांधून मोकळी झाले.

दोन महिन्यांनी आईचा गाल टम्म सुजला. दाढ मुळापर्यंत चिरली होती, आत नुसता भुगा. ती मीच काढली. बाबांनी ट्रेमधले तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि ते तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आलेच नाहीत.

संध्याकाळी आई सूप पीत होती. मी शेजारी बसले.

"खरं सांग, कळ येत होती?"

"वर्षभर तरी."

"मग बोलली का नाहीस? मी विचारलं होतं की तुला."

"ते तिथेच उभे होते ना गं. त्यांच्या हातचं काम, त्यांच्यासमोर त्याला कशी नावं ठेवू?"

तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती. हा प्रश्न विचारण्याआधी मी प्रत्येक पेशंटच्या सोबतच्या माणसाला बाहेर बसवते. बाबांना बाहेर बसा म्हणायला तेवढी माझी जीभ रेटली नव्हती.