गबाजीचा शहाणपणा

राष्ट्र घडतं ते विवेकी माणसाच्या हातून. हे वाक्य माझं आहे आणि सहा वर्षं सातारा जिल्ह्यातल्या गावागावांत त्याला टाळ्या पडत होत्या. ज्याच्या तोंडी मी ते घातलं होतं तो विवेकी माणूस पांगाऱ्याच्या लाकडाचा होता आणि त्याला कमरेखाली काही नव्हतं.

त्याचं नाव सुमतराव. आमच्या सरकारी प्रचार पथकाच्या हातबाहुल्यांच्या खेळातला तो नायक. बाहुल्या एकूण चार मंजूर होत्या. सुमतराव, त्याची बायको सगुणा, काठीवाला ग्रामसेवक आणि शेजारी राहणारा गबाजी. खेळ लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण कचेरीत बी.ए. झालेला मी एकटाच होतो आणि ही गोष्ट एकदा माझ्याच तोंडून निघून गेली होती.

लिहायला फारसं काही लागत नसे. विषय वरून यायचा. कधी रासायनिक खत, कधी अल्पबचत, कधी संकरित ज्वारी. विषय कुठलाही असो, सुमतरावाला तो लगेच पटायचा, सगुणा मान डोलवायची, गबाजी "आपल्याला न्हाई जमायचं" म्हणायचा आणि त्याचं वाटोळं व्हायचं. मग ग्रामसेवक त्याला काठीनं बडवायचा. लोक या शेवटच्या भागासाठी यायचे. सोमवारी खंडाळ्यात गबाजीचं पीक जायचं, बुधवारी उंब्रजला त्याचं घर फुटायचं, आणि शुक्रवारी तो पुन्हा हजर, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. कुटुंबनियोजनाच्या खेळात त्याला सात पोरं होती. बायको नव्हती. पाचवी बाहुली मंजूर नव्हती. सहा वर्षांत एकाही प्रेक्षकानं बायको कुठं आहे म्हणून विचारलं नाही.

सुमतरावाला दर दिवाळीला नवा सदरा मिळायचा, आणि त्याच्या जुन्या सदऱ्यातून गबाजीचा बेतला जायचा. गबाजीचं नाक दोनदा मोडलं. दुसऱ्या वेळी ते पाकिटांना लावायच्या लाल लाखेनं चिकटवलं, ते वाकडं बसलं. लोक जास्त हसले, म्हणून तसंच ठेवलं.

बाहुल्या नाचवणारे दोघं. केरूकडं सुमतराव आणि सगुणा. यल्लाप्पाच्या उजव्या हातात ग्रामसेवक आणि डाव्या हातात गबाजी. म्हणजे मारणारा आणि मार खाणारा एकाच माणसाच्या दोन खांद्यांना लटकलेले. हा यल्लाप्पा आधी सांगलीच्या एका बुडालेल्या नाटक कंपनीत पडदा ओढायचा. पन्नाशीचा, वाळका, बोलायला कमी. त्याच्या डाव्या हाताची बोटं कायम सुजलेली असायची. मी एकदा त्याला म्हटलं, जरा हळू मारत जा. तो म्हणाला, "हळू मारलं तर आवाज येत न्हाई, साहेब."

चौसष्ट सालच्या फाल्गुनात एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. शेवटी मीच मान वर केली.

"म्होरल्या आठवड्यात लशीचा खेळ हाय न्हवं, उंब्रजच्या पलीकडच्या गावात?"

"आहे. देवीच्या लशीचा."

"तितं माझ्या बनूचं जमाय लागलंय. बिराप्पाच्या घरात. पोरगं मिलट्रीत हाय."

"मग पेढे कुठायत?"

"जमाय लागलंय म्हनलं, साहेब. जमलं न्हाई." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "त्यांच्या भावकीत कोनतरी बोललं, गबाजीची पोर करून घेताय व्हय? तवापास्नं बिराप्पा गप हायत. निरोप न्हाई, काय न्हाई."

"अरे, गबाजी बाहुली आहे."

"ते तुमाला ठावं आन मला ठावं. आमच्या गल्लीत मला यल्लाप्पा म्हनून कोन हाक मारतंय? पोस्टमन सुदीक गबाजी म्हनतोय. बनू पान्याला गेली की नळावरच्या बाया म्हनत्यात, सरा गं, गबाजीची आली."

"मग मी काय करू?"

"त्या एका गावापुरता त्येला शाना करा. त्येला मार नगं. बिराप्पा बगतील, भावकी बगंल. एक डाव फकस्त."

पलीकडं सगुणेच्या साडीला टाका घालत बसलेला केरू म्हणाला, "गबाजी शाना झाल्यावर माझ्या सुमतरावानं काय करायचं रं? हजामती?"

मी विचार केला. म्हणजे खिडकीतून किल्ल्याकडं बघितलं. तेच चार पुतळे आणि तीच काठी लिहून मला इतका कंटाळा आला होता की माणुसकी म्हणून म्हणा किंवा बदल म्हणून म्हणा, मी हो म्हणालो. आजही यातलं नेमकं कारण मला सांगता येणार नाही.

नव्या खेळात सुमतरावच टोचून घ्यायला कचरतो. गबाजी पुढं होऊन बाही वर करतो. सुमतराव ओशाळतो आणि ग्रामसेवक गबाजीची पाठ थोपटतो. तीन पानं झाली. सहा वर्षांत पहिल्यांदा मला लिहिताना जांभई आली नाही.

गावात पोचलो तेव्हा खळ्यावर शिजवलेली हळद वाळत पडली होती. ती एका बाजूला ओढून आमच्यासाठी जागा केलेली. खेळ संपल्यावर लगेच टोचायचं म्हणून कृष्णातनं आधीच टेबल मांडलं होतं. हा आमच्या पथकाबरोबरचा लस टोचणारा. गावोगावी त्याला देवी डॉक्टर म्हणायचे आणि तो ते चालवून घ्यायचा.

पडद्यामागून यल्लाप्पा म्हणाला, "साहेब, बिराप्पा आलेत का बगा की. लाल फेटा बांधत्यात."

मी फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत अगदी मधोमध लाल फेट्याचा एक म्हातारा काठीवर हात ठेवून बसला होता.

"आलेत. पुढंच बसलेत."

यल्लाप्पानं गबाजी हातात चढवला. तेव्हा मी बघितलं, त्यानं गबाजीचं तोंड धुतलं होतं आणि नाक सरळ बसवलं होतं.

गबाजी पडद्यावर आला आणि लोक सवयीनं हसले. "देवी डॉक्टर, आदी मला टोचा," तो म्हणाला, तेव्हा आणखी हसले. आता याचं काहीतरी होणार, याची त्यांना खात्री होती. ते वाट बघत राहिले. गबाजीला काहीच झालं नाही. हात सुजला नाही, ताप आला नाही, घर पडलं नाही. सुमतरावानं माफी मागितली, तेव्हा खळ्यावर अशी शांतता होती की हळदीवर घोंघावणाऱ्या माश्या ऐकू येत होत्या.

मग ग्रामसेवक काठी घेऊन आला आणि लोक सावरून बसले.

"हाण की आता!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आरं, काठी मोडली का काय रं?"

"वाट कसली बगतुयास, गड्या?"

काठी वर गेली. सहा वर्षं ती त्याच ठिकाणी वर जात होती. मी आतून यल्लाप्पाचा उजवा हात बघत होतो. तो वरच राहिला आणि मग हळूच खाली येऊन गबाजीच्या पाठीवरून दोनदा फिरला.

टाळ्या नाहीत. लोक उठले, धोतरं झटकली.

"बिराप्पा हसले का?" यल्लाप्पानं विचारलं.

"एकदाही नाही. शेवटपर्यंत गंभीरपणे बघत होते."

यल्लाप्पानं डोळे मिटून मान हलवली. त्याचं समाधान झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

टेबलापाशी कुणी आलं नाही. कृष्णात सुई स्पिरिटानं पुसत बसला. अर्ध्या तासानं कोतवालानं टोचून घेतलं, तेही नोकरी सरकारी म्हणून. मी वाटेवर एका म्हातारीला गाठलं. राहीबाई तिचं नाव. दोन नातवंडं हाताशी घेऊन निघाली होती.

"आजी, पोरांना टोचायचं नाही का?"

"आवं, मगाशी गबाजीनं टोचून घेतलं की!"

"हो. म्हणून तर तुम्ही पण घ्या."

म्हातारी माझ्याकडं कीव आल्यासारखी बघत राहिली. "लेकरा, मागं त्येनं खत टाकलं न्हाई, तुमी म्हनला तसं करू नगा, आमी टाकलं. त्येनं पैका मडक्यात ठेवला, तुमी म्हनला तसं करू नगा, आमी पोस्टात ठेवला. आता त्येनं सुई घेतली, तर आमी घ्यावी व्हय? आमी काय येडी हाय?"

यावर बी.ए.च्या अभ्यासक्रमात काही नव्हतं.

चौथ्या दिवशी वरून कागद आला. 'पूर्वपरवानगीशिवाय पात्रांच्या स्वभावात बदल करू नये. सदर गावी जुन्या धर्तीचा खेळ तातडीने करावा.' कागद मी यल्लाप्पाला वाचून दाखवला. त्यानं लाखेची कांडी मागून घेतली आणि गबाजीचं नाक स्वतःच वाकडं केलं.

आठव्या दिवशी त्याच खळ्यावर गबाजी सुईला भिऊन कणगीत लपला, माळ्यावर चढला, बायकांत जाऊन बसला. शेवटी त्याला देवी आल्या आणि वर ग्रामसेवकाचा मार. यल्लाप्पानं त्या दिवशी असा मारला की केरूनं आतून हळूच विचारलं, "आरं, कुनावर काडतुयास?" बाहेर लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. लाल फेटे चार-पाच तरी होते. यल्लाप्पानं मला बघायला सांगितलं नाही. खेळ संपला आणि टेबलापुढं रांग लागली. राहीबाई दोन्ही नातवंडं घेऊन सर्वांत पुढं होती. संध्याकाळपर्यंत कृष्णातची लस संपली.

यल्लाप्पा जीपच्या पायरीवर बसून गरम पाण्याच्या तांब्यात एकेक बोट बुडवत होता.

"गेलं, साहेब," तो म्हणाला.

"काय?"

"बनूचं."

मी त्याच्या शेजारी बसलो. मला म्हणायचं होतं की पहिला खेळ बिराप्पांनी मनापासून बघितला होता, तेवढा तरी लक्षात ठेवतील. पण दुसऱ्यात ते किती हसले असतील याचा अंदाज मलाही होता. म्हणून मी ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

चैत्र सरता सरता यल्लाप्पा पुन्हा टेबलापाशी येऊन उभा राहिला. या वेळी हातात पुडा होता.

"पेढं, साहेब. जमलं."

"बिराप्पाकडंच?"

"त्यांच्यातच. अक्षतृतीयेला हळद."

मी पेढा तोंडात टाकला. एका कागदाच्या बदल्यात एक लग्न, सौदा वाईट नव्हता. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटला. सहा वर्षांत मी लिहिलेल्या एका खेळाचा तरी कुणाला उपयोग झाला होता.

"काय म्हणाले ते खेळाबद्दल?"

"लय हासलो म्हनाले. कणगीत लपला तवा तर प्वाट दुखाय लागलं म्हनं. घरी जाऊन मालकिनीला सांगितलं, हेची पोर आनायची. घरात रोज उठून नुसती भांडनं, कोनतरी हासवनाऱ्याच्यातलं यिऊ दे."

"तो दुसरा खेळ, यल्लाप्पा. मी पहिल्याचं विचारतोय. पुढं बसले होते ना, लाल फेटा बांधून, अगदी गंभीर?"

"त्यो सुताराचा आबा, साहेब. ठार भयरा हाय. बिराप्पा त्या दिशी गावात न्हवतेच. हळद घिऊन सांगलीला गेलते."