हिरालालचं मौन

बालाघाटच्या बस स्टँडवर हिरालाल मेश्राम एकोणतीस वर्षं गाड्यांचा पुकारा करत होता. वारासिवनी, कटंगी, तिरोडी, तुमसर ही चार नावं तो एका दमात अशी म्हणायचा की टपरीवर चहा पीत उभा असलेला माणूस कप अर्धा टाकून गाडीकडे धावायचा. तसे पुकारा करणारे एजंट बरेच होते, पण ड्रायव्हर लोक म्हणायचे, हिराभाऊ असला की गाडी अर्ध्या वेळात भरते. आवाजाचा त्याला अभिमान होता आणि घरातही तो तोच आवाज वापरायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर आजूबाजूच्या तीन घरांना कळायचं.

नोव्हेंबरात तो आवाज बसला. आधी काढा झाला, मग ज्येष्ठमध झाला, मग बायको गीता त्याला रेल्वेनं गोंदियाला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि सांगितलं, “दोनों तरफ गाँठ है. कॅन्सर नाही, घाबरू नका. पण एकवीस दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. नाही ऐकलं तर ऑपरेशन.”

परतीच्या गाडीत हिरालालला गाठीपेक्षा स्टँडची काळजी जास्त लागली. हिराभाऊचा गळा गेला अशी बातमी एकदा पसरली की बसमालक गाड्यांचा पुकारा दुसऱ्याला देतील. घरी पोचल्यावर त्यानं वहीत लिहून गीतासमोर धरलं : लोकांना सांग, मी मौन धरलं आहे.

गीता सात वर्षांपासून दर रविवारी वॉर्डातल्या विहारात ध्यानाला बसायची. ‘डोळे लावून बसाले टाइम कोणाले आहे’ म्हणून हिरालाल तिला हसायचा. तिनं ती ओळ वाचली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“खोटं काहून सांगू?”

त्यानं लिहिलं : मौनच तर आहे.

गीतानं सांगितलं. दोन दिवसांत ते पूर्ण वॉर्डात आणि स्टँडवर पसरलं. बसमालकाचा स्वतःहून फोन आला. गीतानं स्पीकर चालू केला. “हिराभाऊ, बहुत बढ़िया काम किया. इक्कीस दिन बाद आओ, जगह तुम्हारी है.”

म्हणजे काम वाचलं होतं. आता निवांत बसायचं. पण हिरालालला बसता येत नव्हतं. घर स्टँडपासून दूर नव्हतं, आणि हॉर्नवरून कोणती गाडी निघाली ते त्याला कळायचं. नऊ चाळीसची कटंगी निघाली की तो उठून दारात जायचा, परत यायचा, पाणी प्यायचा. गाडी अर्धी रिकामी गेली असणार, असं वाटून त्याची मान गरम व्हायची. जेवताना बोलायला तोंड उघडायचं आणि त्यात घासच घालावा लागायचा.

“बसा जरा,” गीतानं चटई टाकली. “काही करू नका. श्वास नाकातून येते, जाते, तेवढा पाहा.”

तो बसला. पहिला श्वास पाहिला, दुसरा पाहिला. तिसऱ्याला त्याला आठवलं की मागच्या महिन्यात एका कंडक्टरनं त्याच्याशी हुज्जत घातली होती आणि त्याला द्यायचं नेमकं उत्तर आत्ता सुचत होतं. ते उत्तर फार चांगलं होतं. त्यानं डोळे उघडले तेव्हा दीड मिनिट झालं होतं.

पाचव्या दिवशी शेजारच्या रुख्माबाई आल्या. साठीच्या विधवा बाई, एरवी दारातूनच दोन शब्द बोलून जाणाऱ्या. त्या खाली बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “तुमी मौनात आहा, म्हणून तुमच्यापाशी सांगते. माही सून वाईट नाही. वॉर्डात मी तिची गाऱ्हाणी सांगत फिरते, ते सगळं खरं नाही. पण गाऱ्हाणं सांगतलं तरच लोक मले जवळ बसू देतात. नाही तर कोण बसते?”

हिरालालकडे सहा उत्तरं तयार होती. सुनेची माफी मागा, हे पहिलं. वॉर्डातल्या बायाच तशा, हे दुसरं. त्यातलं एकही देता आलं नाही. रुख्माबाई बोलत राहिल्या, मध्ये रडल्या, मग डोळे पुसून उठल्या.

“बरं वाटलं. तीस वर्षांत पयल्यांदा तुमी मले पुरं बोलू देलं.”

त्या गेल्यावर तो दारातल्या धुळीत उमटलेले त्यांच्या चपलांचे ठसे पाहत बसला. वाक्य कौतुकाचं होतं, पण त्याला ते लागलं होतं.

रविवारी गीता त्याला विहारात घेऊन गेली. तिथं ध्यान घेणारे मोतीलाल गुरुजी, निवृत्त शिक्षक, सर्वांसमोर म्हणाले, “आपले हिरालालभाऊ आज आले आहेत. त्यांनी मौन घेतलं आहे. आवाजावर ज्याचं पोट आहे त्यानं मौन घेणं सोपं नाही.” लोकांनी वळून पाहिलं. कुणी हात जोडले. सगळे डोळे मिटायच्या आत हिरालालनं वहीत खरडलं आणि गुरुजींच्या हातात दिलं : डॉक्टरनं सांगितलं म्हणून. मौन नाही.

गुरुजींनी चष्मा वर करून वाचलं. “मालूम आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “गीताबाईनं पयल्या दिवशीच सांगतलं. तरी बसा.”

तो अर्धा तास बसला. पायांना मुंग्या आल्या. शांतता येईल अशी त्याची समजूत होती. त्याऐवजी एकोणतीस वर्षांची भांडणं एकामागून एक आली, प्रत्येकाच्या शेवटी त्याचाच आवाज होता, आणि समोरच्यानं काय म्हटलं होतं ते एकाही भांडणातलं त्याला आठवेना.

बाराव्या दिवशी मयुरीची गोष्ट झाली.

मयुरी त्याची एकुलती मुलगी, सव्वीस वर्षांची. लालबर्ऱ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची आणि रोज ये-जा करायची. पण स्टँडवरून ती कधी बसत नसे. ऑटोनं वैनगंगेचा पूल ओलांडून गर्ऱ्याला जायची आणि तिथून लालबर्ऱ्याची गाडी धरायची, बहुतेक वेळा उभ्यानं. तिला ते सोयीचं पडत असेल, असं हिरालालनं धरलं होतं. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गीता दुकानात गेली होती. रिकामपणात त्यानं वहीत लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवलं : रोज गर्ऱ्याहून काहून जाते? स्टँडवरून जात जा. ड्रायव्हरले सांगून पुढची सीट देतो.

मयुरीनं ते उभ्यानंच वाचलं. खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

“सांगू? मधात बोलता येत नाही तुमाले, म्हणून सांगते.”

त्यानं मान हलवली.

“चार वर्षं झाले. तुमसरले कोर्सच्या शेवटच्या वर्षाले होती मी. प्रॅक्टिकल होतं. वर्गातला अश्विन अन् मी, दोघं फाइल पाहत गाडीत बसलो होतो. तुमी खिडकीखाली आले.”

खिडकी हिरालालला आठवली. पोराचा चौकड्यांचा शर्टही आठवला. आपण काय म्हणालो ते आठवेना.

“पुकारा करता ना, त्याच आवाजात इचारलं तुमी. हा कोण आहे, अन् याच्यासंग कुठं चालली. पुरा स्टँड थांबला. मले खाली उतरवलं. टपरीवाले, कंडक्टर, कॉलेजच्या पोरी, सगळे पाहून राह्यले होते. अन् मंग तुमी तसेच मागं फिरले अन् तुमसर तुमसर म्हणाले लागले. मी तिथंच उभी होती, बाबा. गाडी निघाली तरी उभी होती.”

ती रडत नव्हती. लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवावा तशी ती सांगत होती.

“फाइल अश्विनजवळच राहिली. दुसऱ्या गाडीनं गेली मी, परीक्षेले उशीर झाला, सगळ्यांसमोर सरचं बोलणं ऐकलं. अश्विन त्यानंतर बोलला नाही. तसं काही नव्हतंच आमच्यात, पण बोलत होता, तेही गेलं. पुढं दोन महिने मी स्टँडवर दिसली की कंडक्टर लोक तुमसर तुमसर म्हणून हसत. मंग नोकरी लागली तशी मी गर्ऱ्याहून जाणं चालू केलं.”

हिरालालचं तोंड उघडलं. मयुरीनं हात वर केला.

“नका बोलू. गळा खराब होईल.”

आणि ती कपडे बदलायला आत गेली.

त्यानंतरचे तीन दिवस त्याला धड झोप नव्हती, धड जाग नव्हती. तो लिहायचा आणि फाडायचा. मी बाप आहे. जमाना खराब आहे. मले काय मालूम तुही परीक्षा होती. स्टँडवर ओरडून म्हटली असती तर यातली कोणतीही ओळ जिंकली असती. कागदावर ती नुसती पडून राहायची, आणि दुसऱ्यांदा वाचली की त्यालाच खोटी वाटायची. तो पुलापर्यंत चालत जायचा, पाण्याकडे न पाहता परत फिरायचा. चटईवर बसला की श्वासाबरोबर आत तुमसर आणि बाहेर तुमसर व्हायचं. तेव्हा तो उठायचा, आणि थोड्या वेळानं आपणहून पुन्हा येऊन बसायचा, कारण दुसरीकडे कुठं बसावं तेही सुचत नव्हतं.

शेवटी त्यानं गीताला लिहून विचारलं : तुले मालूम होतं?

“हौ.”

मले सांगतलं काहून नाही?

गीता तांदूळ निवडत होती. “सांगतलं होतं. दोन खेपा. तुमी तवा बोलत होते.”

सोळाव्या दिवशी सकाळी मयुरी ऑटोत बसली आणि तो तिच्या शेजारी जाऊन बसला. तिनं पाहिलं आणि बॅग मांडीवर घेतली. गर्ऱ्याला दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ऊन कोवळं होतं, धानाचे ट्रॅक्टर जात होते. लेकीजवळ आपण उभं राहायचं, तिला समजेल, असं काहीतरी त्यानं मनात ठरवलं होतं. गाडी आली. दरवाजात लटकलेला कंडक्टर राजू या गाडीवर नवाच आलेला, पण स्टँडवरचा जुना ओळखीचा. त्यानं हिरालालला पाहून दोन्ही हात जोडले.

“अरे, मौनी बाबा! इधर कैसे? आज बिटिया को छोड़ने?” आणि गाडीत वळून त्यानं सगळ्यांना सांगितलं की हे स्टँडवाले हिराभाऊ, ही त्यांची मुलगी. लोक हसले. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. मयुरी मान खाली घालून चढली, मागच्या बाजूला गेली आणि तोंड पलीकडे करून उभी राहिली.

गाडी गेली. हिरालाल धुळीत उभा होता. राजूच्या कानाखाली वाजवावी असं त्याला वाटलं. मग वाटलं, राजूनं तर फक्त ओळख सांगितली.

संध्याकाळी मयुरी म्हणाली, “उद्या येऊ नका. तिथं मले कोणी ओळखत नव्हतं. तेवढ्यासाठीच जात होती मी.”

तो गेला नाही.

बाविसाव्या दिवशी गोंदियाच्या डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी बारीक झाल्या होत्या. “बोला, पण थोडं आणि हळू. स्टँडवरचं पुकारणं आता बंद. फिर गाँठ आएगी.” गीतानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला धक्का बसायला हवा होता. पण पुढं काय करायचं हा विचार त्यानं बाजूला ठेवला, कारण डोक्यात दुसरंच वाक्य चाललं होतं. गाडीत, खिडकीकडे तोंड करून, ओठ न हलवता तो त्याची तयारी करत आला.

घरी मयुरी वाटाणे सोलत होती. तिची सुटी होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला. आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही, बारीक आणि घोगरा.

“मयुरी. त्या दिवशी मी चुकलो. स्टँडवर.”

तिनं शेंग उघडली, दाणे ताटात पाडले. “हौ,” ती म्हणाली.

बस, एवढंच. ती रडेल, किंवा आपल्या छातीवरचं काही उतरेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. आत सगळं तसंच घोळत राहिलं.

“मी गर्ऱ्याहूनच जाईन,” मयुरी म्हणाली.

“जा.”

“राजूले काही म्हणू नका.”

“नाही म्हणत.”

गीता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. हिरालालच्या जिभेवर अजून कितीतरी होतं. तो तेव्हा कुणावर चिडलेला होता, त्या दिवशी मालकाशी काय झालं होतं, बापाच्या मनात काय काय भीती असते. सगळं एकदम वर येत होतं. त्यानं एक शेंग उचलली, तीही नीट सोलता येईना.

“तुह्या लॅबमध्ये,” त्यानं विचारलं, “दिवसभर काय काम असते?”

मयुरीनं मान वर केली. हा प्रश्न त्यानं आधी कधी विचारला नव्हता.

“काय असते म्हणजे? रक्त काढणं, मशीनमध्ये टाकणं, रिपोर्ट करणं.” ती थांबली, मग शेंगेकडे पाहत बोलू लागली. “सकाळी म्हातारे लोक उपाशी येतात शुगरसाठी. एक बाबाजी आहेत, सुईले लय भेतात. त्यांना मी धान किती झालं ते इचारते. ते सांगत राहतात, तोवर माहं काम होऊन जाते.”

हिरालालला लगेच आपली गोष्ट आठवली, लहानपणी शाळेत सुई टोचायला आले होते तेव्हा तो भिंतीवरून उडी मारून पळाला होता. चांगली गोष्ट होती, हसवणारी. ती ओठापर्यंत आली. त्यानं ओठ मिटले आणि तिच्या बोटांकडे पाहिलं. त्याचा श्वास थोडा जोरात चालला होता.

“अन् एक दिवस,” मयुरी सांगत होती, “त्यांनी मलेच इचारलं, बेटी, तुह्या हाताले दुखत नाही का दिवसभर...”