दोन टॅब आणि एक कवाड

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. बसले की उजवा पाय आपोआप हलायला लागतो. "भैरवी, पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते," असं आई मी फ्रॉकात होते तेव्हापासून म्हणत आलीय. आपल्याकडे ती आली कधी होती, असं मी विचारते, आणि आई देवघराकडे बघून गालात मारून घेते. तुळजापुरात राहून असलं बोलायचं म्हणजे जरा अतिच, पण माझ्या तोंडालाही पायाचीच खोड आहे.

मी घरांचे नकाशे काढते. पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसात बसून लोकांच्या इमारतींचं पार्किंग आखत होते. पुढेही तेच आखायचं आहे, हे दिसल्यावर सोडून घरी आले. आता माझं ऑफिस म्हणजे माझी स्कूटी. गावागावात जायचं, लोकांच्या अंगणात बसायचं, खोली कुठं, चूल कुठं, देव कुठं हे ऐकायचं आणि तिथल्या तिथं नकाशा बदलून दाखवायचा. या कामाला लॅपटॉप उपयोगाचा नाही. तो मांडीवर उघडला की मी त्याच्या मागं आणि माणसं पुढं, मध्ये झाकणाची भिंत. कागदाची सुरळी उघडावी तर वारा ती शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन टाकतो. मला टॅब हवा होता, आणि तो कालच हवा होता.

पण मध्ये आले आमचे बाबा. बाबूराव, पंचायत समितीतले निवृत्त क्लार्क. निवृत्तीनंतर करायला काही नव्हतं, ते माझ्या टॅबनं मिळवून दिलं. सकाळी चहाबरोबर एक व्हिडिओ, जेवणाबरोबर दुसरा. याची बॅटरी टिकते पण पडदा फिका, त्याचा पडदा छान पण तापतो. माझ्यासाठी स्थळं बघताना त्यांनी याच्या निम्मी चौकशी केली नव्हती. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," असं मलाच वर ऐकवायचे. शेवटी माझा चुलतभाऊ श्रेयस, ज्याचं धाराशिवला दुकान आहे, त्यानं दोन टॅब माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "वापरून बघ. एक ठेव, एक सोमवारी परत आण. काकांना म्हणावं, आता मला फोन करू नका."

पहिला टॅब पातळ, चकचकीत, बघताच हात लावावासा वाटणारा. त्याच्यात एक सेन्सर होता. टॅब हातात धरून आपण वळलो की चित्रातलं घरही वळायचं, जणू आपण त्या घरात उभे राहून इकडंतिकडं बघतोय. दुसरा जाड, कडेला काळं रबर, सोबत एक पेन, दिसायला शाळेतल्या पाटीसारखा. त्यातही घर उभं करून बघता यायचं, पण बोटानं सरकवलं तरच ते सरकायचं.

"जाड्यात सेन्सरच नाही," बाबांनी निकाल दिला. "पातळच घे. लोकांना घरात फिरवून आण, समोरचा गारच पडला पाहिजे."

मलाही तेच वाटत होतं, त्यामुळं मी पहिल्यांदाच वडिलांचं ऐकलं.

समोरचा होता सास्तूरचा श्रीशैल. त्याला नवीन घर बांधायचं होतं आणि माझ्या हातात स्वतःचं असं हे पहिलंच मोठं काम येऊ घातलं होतं. येऊ घातलं होतं म्हणते, कारण घोडं एका ठिकाणी अडलं होतं. श्रीशैलचे वडील धुळाप्पा त्र्याण्णवच्या भूकंपापासून घरात झोपले नव्हते. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या घरात ते जेवायचे, पाहुण्यांशी बोलायचे, सणाला देवापुढं बसायचे, पण पाठ टेकायला बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर. पाऊस असो, थंडी असो. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला, लातूरला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि पुन्हा थंडीत बाहेर झोपलात तर खैर नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सध्याच्या घरात तर ते झोपणार नव्हतेच. नवीन घरात झोपतील, या आशेवर श्रीशैलनं बांधायचं काढलं होतं.

"आप्पा व्हय म्हनले तरच पाया खांदायचा, ताई," त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. "न्हाय म्हनले तर घर बांधून म्या करू काय?"

म्हणून त्या दिवशी दोन्ही टॅब पाठीवर टाकून मी निघाले. नळदुर्ग मागं पडलं, लोहारा आलं. मी मध्ये कुठं चहालाही थांबले नाही. उन्हात टॅब कसा दिसतो ते बघायला म्हणून एकदा रस्त्याकडेला पातळ टॅब उघडला, तर त्यात घराऐवजी माझंच घामेजलेलं तोंड दिसलं. आप्पांना सावलीत बसवायचं, एवढं ठरवून मी पुढं सुटले.

श्रीशैलची बायको शिवकन्या हिनं लिंबाखाली बाजेशेजारी सतरंजी टाकली होती. धुळाप्पा येऊन बसले. उंच, वाळका माणूस, पांढरा पटका, कपाळावर विभूतीचे पट्टे. माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "तुळजापूरची व्हय? मंग आईचं कुंकू आनलं असंल."

मी काहीच आणलं नव्हतं. कुंकवाची आठवण व्हायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि माझं तर केव्हाच आप्पांचा होकार घेऊन परत निघालं होतं. मी मांडी घालायची सोडून बाजेच्या कडेवर बसले, पातळ टॅब गुडघ्यांवर ठेवला आणि आप्पांना शेजारी बसायला सांगितलं. मागून श्रीशैल आणि शिवकन्या वाकले.

"हे बघा आप्पा, ही ओसरी. आता आत जाऊ. ही बैठक. आणि ही तुमची खोली, पूर्वेला खिडकी. ही भिंत, वर स्लॅब..."

रंग सुंदर होते. भिंतीवर ऊन पडलेलं दिसत होतं. मी भराभर बोलत होते. बीम, कॉलम, भूकंप आला तरी हे घर कसं उभं राहील, लोखंड किती, असं सगळं एका दमात. मला त्यांच्या तोंडाकडं बघायलाही सवड नव्हती.

तेवढ्यात आप्पांनी बाजेची कड घट्ट धरली. त्यांचे डोळे पडद्यावर होते. मग ते एकदम उठले, चप्पलही न घालता अंगण ओलांडून गोठ्याकडं निघून गेले.

"काय झालं?" मी विचारलं.

श्रीशैलनं कपाळाला हात लावला. "ऱ्हाऊ द्या ताई आता. हिंमतराव ठेकेदार म्हनत व्हता, म्हाताऱ्याला इचारत बसू नगं. त्याचंच खरं."

माझं डोकं तापलं. एवढ्या लांबून आले, एवढं समजावून सांगितलं, आणि माणूस एक शब्द न बोलता उठून जातो? काय चुकलं माझं? मी तसं म्हणालेही, जरा मोठ्यानंच.

शिवकन्या माझ्या गुडघ्यांकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमचा पाय."

मी खाली बघितलं. उजवा पाय नेहमीसारखा थडथडत होता. गुडघ्यावर टॅब होता. आणि टॅबमध्ये सेन्सरनं आपलं काम चोख केलं होतं. धुळाप्पांची खोली, पूर्वेची खिडकी, भिंत, वरचा स्लॅब, सगळं घर थरथर हलत होतं.

मला रडूच आलं. लाज वाटली म्हणून, आणि स्वतःचा राग आला म्हणून. लक्ष्मी गेली असती तर चाललं असतं.

घरी निघून जाणं सोपं होतं. पण मला राहवेना. पिशवीतून जाडा टॅब काढला आणि गोठ्याकडं गेले. आप्पा गव्हाणीच्या दगडावर बसून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"आप्पा, चुकलं माझं. माझा पाय हलत होता. घर तसं नाही हलायचं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "म्या येडा न्हाय, माय. चित्र हाय ते, कळतंय. पन जीव ऐकतोय का?"

मी उजवा गुडघा हातानं दाबून धरला. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं. जमिनीवरच बसले, त्यांच्या पायाशी, आणि जाडा टॅब दोघांच्या मध्ये शेणानं सारवलेल्या भुईवर ठेवला. घर उभं केलं नाही. नुसता साधा नकाशा काढला, वरून बघितल्यासारखा, काळ्या रेघांचा. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग एका ठिकाणी बोट ठेवलं.

"ही चंद्रकोर कशाची?"

"दाराची. दार उघडताना जेवढी जागा घेतं, ती. तुमच्या खोलीचं दार."

"आत वळलीया."

"हो. दारं आतच उघडतात ना."

त्यांनी चंद्रकोरीवरचं बोट उचललं नाही. श्रीशैल आमच्यामागं येऊन उभा राहिला होता, ते मला तेव्हा कळलं.

"आमचं कवाडबी आत उघडायचं," आप्पा म्हणाले. "म्या भाईर वट्ट्यावर निजलो व्हतो. हा श्रीशैल माझ्या कुशीत. शरणम्मा आत. वरचं मातीचं माळवद पडलं, पन कवाड उभंच. आतनं ती हाक मारत व्हती. म्या भाईरनं ढकलतुया, आन् आत दगड-मातीचा ढीग कवाडाला लागलेला. ढकलतुया, ढकलतुया... भाईर उघडणारं असतं तर वडलं असतं की. वडायचं बळ व्हतं माझ्यात."

श्रीशैल आमच्याशेजारी खाली बसला. "आप्पा, हे तुमी मला कदी बोलला न्हाईत."

"काय बोलायचं? तुला आई आठवत न्हाय. हाक कशाला आठवू द्यायची?"

म्हशीनं कान हलवले.  एवढी वर्षं या माणसाला छपराची भीती वाटते असं सगळं गाव समजत होतं. मीही त्यांना लोखंडाचे आकडे ऐकवत बसले होते. वर काय आहे, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

मी ती चंद्रकोर पुसली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "तुम्ही काढा."

त्यांनी पेन दाव्याचा खुंटा धरावा तसं मुठीत धरलं. रेघ वाकडी आली, मध्ये थोडी तुटली, पण बाहेर वळली. मग त्यांनी न विचारताच बैठकीच्या दारापाशी दुसरी काढली. मग श्रीशैलच्या खोलीपाशी. मग स्वयंपाकघरापाशी, तिथं शिवकन्या दिवसभर असते म्हणून. घराची सगळी दारं त्यांनी बाहेर फिरवली. ओसरीत माणूस उभा असेल तर दार त्याला लागेल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. ओसरी रुंद करता येते.

"आता दाव," ते म्हणाले. "मघाचं. उभं घर."

मला धीर होईना. पण त्यांनी हात पुढं केले होते. मी घर उभं केलं, त्यांची खोली आणली आणि टॅब त्यांच्या दोन्ही हातांत दिला. इथले रंग फिके होते. भिंतीवर ऊनबीन काही पडलेलं नव्हतं. आप्पांनी टॅब डोळ्यांसमोर धरला. मग दोन्ही हातांनी तो गदागदा हलवला, चाळणीत धान्य चाळावं तसा.

घर हललं नाही.

त्यांनी पुन्हा हलवला, आणखी जोरात. पटका सैल झाला. "आप्पा, पडंल की," श्रीशैल म्हणाला, पण त्यानं हात पुढं केला नाही. पूर्वेची खिडकी होती तिथंच होती. भिंत तिथं. दार तिथं.

मग त्यांनी टॅब माझ्याकडं न देता मुलाकडं दिला.

"सोमवारी नारळ फोड," ते म्हणाले, आणि पटका नीट करायला लागले. श्रीशैल टॅब छातीशी धरून बसला होता, आणि त्याच्याकडून तो मागायची मला घाई नव्हती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा ओट्यावरच वाट बघत होते. "काय मग? पडला का गार समोरचा?"

"जाडा ठेवतेय," मी म्हणाले. "पातळ श्रेयसला परत."

"अगं, त्याचा पडदा बघ, जुनाट! सेन्सर नाही. काय बघून घेतलास?"

"त्यात घर हलत नाही, बाबा."

मी घडलं ते सगळं सांगितलं. शरणम्मांचं सांगताना मध्ये थांबावं लागलं. बाबांनी ऐकून घेतलं, पण माणूस तीन आठवड्यांचा अभ्यास इतक्या सहज सोडत नाही.

"तो सेन्सर बंद करता येतो," ते म्हणाले. "सेटिंगमध्ये जायचं."

"येतो. पण परत चालू होतो की."

 बाबा उठले, घराच्या दारापाशी गेले आणि त्यांनी ते एकदा आत ढकलून बघितलं, मग बाहेर ओढून बघितलं. बाहेर ते येत नव्हतं.

"आपलंही आतच उघडतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांचंच."

ते तिथंच कडी धरून उभे राहिले. आतून आईनं जेवायला हाक मारली, आणि आम्ही दोघंही पटकन आत गेलो.