पाय आत, चाचा बाहेर

अब्बा पायाचं ऑपरेशन करून घरी आले, तरी पलीकडच्या घरातले चाचा काही फिरकले नाहीत. फिरकणार कसे? पाण्याच्या पंपावरून दोघा भावांची जुंपली, तेव्हा चाचांनी तणतणत सांगून टाकलं होतं, "अल्लाची शपथ, तुझ्या घरात पाय ठेवणार नाही!" आता अब्बा भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवण नको, औषध नको. भाऊ हवा, पण बोलवायचा नाही!

त्यांची लेक, जिला घरात सगळे चोंबडी म्हणत, नुकतीच उस्तादांकडे अरबी शिकू लागली होती. नवं काही कळलं की ते कुणाच्या तरी डोक्यात घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने चाचांना ओढतच दारापर्यंत आणलं.

"शपथेत पाय आहे ना? मग खुर्चीत बसवून उचलून नेऊ. पाय अधांतरी!"

चाचांचे डोळे चमकले. तरी खात्री हवी, म्हणून रस्त्याने चाललेल्या उस्तादांना अडवलं.

"शब्दाचा मूळ अर्थ आधी धरायचा, हे खरं," उस्ताद चष्मा पुसत म्हणाले. "पण लोक 'पाय ठेवणं' म्हणतात ते आत जाण्याला. तिथे मूळ अर्थ सुटतो. तुमच्याच सांगण्यावरून कुणी उचलून आत नेलं तरी शपथ मोडली. बाहेर बसून नुसते पाय आत टाकले, तर मात्र मोडत नाही."

"आणि मोडली तर?" चोंबडीने विचारलं.

"दहा गरजूंना जेवू घालायचं. संपलं."

"जेवणाचं सोडा हो," चाचा गुरगुरले. "मोडली म्हणजे मी नमलो!" आणि बाहेर स्टूल टाकून त्यांनी दोन्ही पाय ऐटीत आत सोडले.

आता खाटेवरून अब्बांना भाऊ दिसेना, नुसते मोजे दिसत. अम्मी ते ओलांडून ये-जा करू लागली. चोंबडीचा चेहरा पडला. एवढी विद्या, आणि हाती काय? दोन मोजे!

"अब्बा, आले ना चाचा?" ती चाचरत म्हणाली.

"पाय आले. तोंड कुठाय त्याचं?" अब्बा तावातावाने उठले, दुखरा पाय टेकवला आणि कळ मस्तकात जाऊन झोकांडले.

"अरे वेड्या, पडशील!" स्टूल उलटलं. चाचा धावत आत आले आणि भावाला कवेत घेऊन खाटेवर बसले.

उस्ताद दारातून हळूच म्हणाले, "मोडली."

"कळलं मला!" चाचा खेकसले. अब्बांचा हात मात्र सोडला नाही. "दहा कशाला, वीस जणांचं सांगा. या माणसाबरोबर पुढची शपथ काही लांब नाही."