एकाच पेनाचं बायबल

कोणाला सांगून पटायचं नाही, पण त्या पेनाला घाम फुटला होता. काचेच्या पेटीत, जांभळ्या मखमलीवर आडवं निजवलेलं साधं काळं पेन, टोपणाची पकड मोडलेली, बुडाशी दातांच्या खुणा, आणि अंगभर बारीक थेंब. रात्रभर गारठलेल्या पेनाशेजारी सकाळी कोणीतरी रॉकेलची शेगडी आणून ठेवली होती, दव धरणारच. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या दोकचिलला दव कशाने धरतं हे का शिकवायला हवं होतं? तरी त्याला वाटलं, घामच आहे हा. घाबरलंय बिचारं... माझ्यासारखंच.

पेटीशेजारी त्याच्या वह्यांची चळत. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं बायबल त्याने हाताने उतरवून काढलं होतं — चार वर्षं, रोज पहाटेच्या प्रार्थनेहून परतल्यावर न्याहारीपर्यंत. बेटावरच्या या चर्चमध्ये असं बायबल लिहून अर्पण करणारे आधीही झाले होते, पण एकाच पेनाने कोणी नाही. पाळकांनी पेटीवर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती: या पेनाची शाई आटली नाही. आणि आता गीत संपलं की दोकचिलने उभं राहून त्याची साक्ष द्यायची होती.

शाई आटली होती. एकतीस वेळा आटली होती.

झालं होतं ते असं, की गेल्या वसंतात उपासनेनंतर सगळे तळघरात शेवयांचं जेवण जेवत बसले होते आणि कोणीतरी विचारलं, "काय दोकचिल, किती पेनं खाल्ली तुझ्या बायबलाने?" आता असा प्रश्न समोर आला की त्याची जीभ त्याला न विचारताच निघते. "एकच!" "आणि शाई?" "बायबलातल्या त्या सारफथच्या विधवेच्या कुपीतलं तेल दुष्काळभर कुठे संपलं होतं? तशीच!" सगळे खिदळले. खिदळणारच, वादळात याची होडी एका ऑक्टोपसने किनाऱ्याला ओढून आणली, ही गोष्ट त्यांनी वीस वर्षं ऐकली होती आणि दर वर्षी त्या ऑक्टोपसला एक पाय जास्त फुटत होता. पण नवे पाळक हान, बेटावर येऊन जेमतेम तीन महिने झालेला पोरगेला माणूस, त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. पुढच्या रविवारी ते पेन प्रवचनात होतं.

जन्मभर थापा मारल्या, एकावरही कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही... ही पहिली, जी कोणीतरी उचलून थेट वेदीजवळ नेऊन ठेवली.

आणि त्या थापेत एक माणूस गडप झालं होतं. जानेवारीच्या पाण्यात खायच्या समुद्रशेवाळाच्या जाळ्या ओढून ओढून दोकचिलची बोटं अशी वळली होती की पेन धरता यायचं पण त्याचा आटा फिरवता यायचा नाही. रिफिल संपली की तो नुसतं खाकरायचा. मालन्यो — त्याची बायको — ओले हात पुसत यायची. तिचीही बोटं त्याच पाण्यातली, म्हणून बूड दातात धरायची, करकचून पिळायची, नवी कांडी घालायची, आणि "लिहा" म्हणून परत चुलीकडे. एवढंच. प्रवचनात पेन आलं त्या दिवशी घरी येताना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात ती याच्या प्रत्येक थापेला तिथल्या तिथे टाचणी लावायची, मग हिलाच का सोडून दिलं? रागावली? की नवऱ्याची लाज झाकली?

झाकलीच असणार, आणि तिथेच त्याचा जीव अडकला होता, कारण हिवाळ्याच्या तोंडाला तो प्रेषितांच्या कृत्यांत पाचव्या अध्यायापाशी पोचला. हनन्याने शेत विकलं, थोडे पैसे मागे ठेवले, उरलेले सगळेच आणले म्हणून प्रेषित पेत्राच्या पायाशी ठेवले आणि जागीच कोसळला. ते त्याने न थांबता लिहिलं — मेला तर मेला, खोटारडा होता. पण मग तीन तासांनी त्याची बायको सप्पीरा आत येते. तिला काहीच ठाऊक नाही. आणि पेत्र तिला विचारतो, एवढ्यालाच विकलं का? आणि ती नवऱ्याची बाजू राखते. म्हणते, हो — आणि तीही तिथेच मरून पडते. त्या 'हो'वर शाई संपून पेन थांबलं. नेमकं तिथेच, निम्म्या अक्षरात. थापाड्याच्या आयुष्यात एकदाच खरा नवलाचा प्रसंग घडला, आणि तोच सांगायची सोय नव्हती!

तो खाकरला. ती आली, वाकली, बूड दातात धरलं. तिच्या मानेवरचे पांढरे केस पाहत तो बसून राहिला... त्यानंतर नवव्या दिवशी मालन्यो अंगणात किमचीच्या रांजणांपाशी छाती धरून पडली. बोटीने मोकपो शहराला नेलं, अकरा दिवस दवाखाना. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप सैल झालीय, जपा. झडप! खोटं मी बोललो आणि सैल झाली ती हिची झडप.

आज सकाळीही त्याने प्रयत्न केला होता. "मालन्यो, पाळकांनी तुला काही विचारलं तर..."

"काय विचारतील?"

"काही नाही."

"मग टाय नीट करा. गळफास लावल्यासारखा दिसतोय." तिने पिशवीत एक पत्र्याची डबी टाकली. आत काहीतरी खुळखुळलं. तिच्या गोळ्या, त्याने मनाशी म्हटलं.

गीत संपलं. तो उभा राहिला तेव्हा खरं सांगायचंच असं ठरवून उठला होता, देवाशपथ. पण समोर पाऊणशे चेहरे वर झाले, आणि चेहरे वर झाले की त्याच्या जिभेला भरती येते. "कोणाला पटायचं नाही," जीभ म्हणाली, "पण हे पेन एकदा होडीतून पाण्यात पडलं. मी म्हटलं, गेलं! आणि तिसऱ्या दिवशी जाळ्यात जो मासा आला, त्याच्या तोंडात—" मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. दोकचिल आपलाच आवाज ऐकत होता, परक्याचा ऐकावा तसा. हा कोण बोलतोय, याला कोणीतरी धरा रे, बोट खडकाकडे चाललीय आणि सुकाणू कोणाच्याच हातात नाही...

पाळकांनी डोळे पुसले. मग अगदी मायेने ते पहिल्या बाकावरच्या मालन्योकडे वळले. "आजी, तुम्ही तर रोज जवळून पाहिलंत. एकच पेन, आणि शाई कधी आटली नाही. असंच ना?"

पेत्राचा तोच प्रश्न. शब्द निराळे, पण तोच. दोकचिलला तिच्या जांभळ्या स्वेटरचं डावीकडचं बटण तेवढं दिसत होतं, श्वासाबरोबर वरखाली होणारं. नको म्हणूस. माझी बाजू राखू नकोस, आजच्या दिवस तरी नको. त्याने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा जीभ निघालीच नाही. नुसताच खाकरला.

आणि खाकरलेलं ऐकून मालन्यो, सवयीने, उठली.

"डोंबलाची नाही आटली!" ती म्हणाली. "पाळकसाहेब, हा माणूस तीळ गिळला तरी देवमासा गिळला म्हणून सांगतो. वर्षभर वाट पाहिली मी, आज बोलेल, उद्या बोलेल. आता मासा आला तोंडात पेन घेऊन!" पिशवीतून डबी निघाली, झाकण उडालं, आणि रिकाम्या कांड्या पेटीच्या काचेवर खडखडत पसरल्या. "एकतीस आहेत. मोजा. आणि त्या पेनावर दात कोणाचे आहेत तेही विचारा त्याला!"

कोणी अजून हसलं नव्हतं. पाळकांच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते कळत नव्हतं. वह्यांचं, पेटीचं, त्या चिठ्ठीचं आता काय होणार ते देवाला माहीत. पण ती उभी होती. रागाने लालबुंद, धापा टाकत, दोन्ही पायांवर उभी — आणि दोकचिल कान देऊन तिचा श्वास ऐकत होता, एक, आणि पुढचा, आणि त्याच्या पुढचा...

"बघताय काय?" ती त्याच्यावर खेकसली. "खोटं बोललात की नाही?"