सुकाणूला प्लास्टर

हाडांच्या इस्पितळात प्लास्टर घालण्यात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून बंदरावर तिला सगळे प्लास्टरबाई म्हणायचे. तिथल्या निम्म्या लोकांचे हातपाय कधी ना कधी तिच्या टेबलावरून बरे होऊन गेले होते. नवरा बसचा ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली आणि तेव्हापासून तो घरात जेवण्यापुरता आणि झोपण्यापुरता उरला. बाई त्या होडीला सवत म्हणायची. पाण्याची तिला भीती नव्हती, कंटाळा होता. एवढं पाणी, आणि बघण्यासारखं काहीच नाही, असं तिचं मत.

एके दिवशी नवरा भर दुपारीच परत आला. कमरेपर्यंत भिजलेला. एका कोळ्याने त्याची होडी दोरीने ओढत किनाऱ्याला आणून सोडली होती.

"सुकाणू मोडलं," तो म्हणाला. "खडकावर आपटलं."

"कुठल्या खडकावर?"

"तिथे खडक नव्हता."

"अहो, मग आजच चालत आला का तो?"

एरवी तो हसला असता. आज त्याने नुसता चहाच्या कपाकडे हात नेला आणि कपाशेजारची हवा धरली. मग बोटं चाचपडत कपाच्या कानाला जाऊन भिडली. बाईने आयुष्यभर माणसांच्या हालचाली बघितल्या होत्या.  दुसऱ्या दिवशी तिने त्याला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं अंधुक दिसत होतं, समोरचं नाही. गेलेलं परत येणार नव्हतं. कितीतरी महिने त्याने हे कुणाला कळू दिलं नव्हतं.

लेक आली. ती शाळेत मुख्याध्यापिका. तिला ऐकण्यापेक्षा ऐकवायची सवय जास्त. पण बापावर जीव होता, आणि घाबरली की ती भराभर निर्णय घ्यायची.

"बाबा, मी बंदरावरच्या कॅफेवाल्याशी बोलून ठेवलंय. तो होडी उचलून नेईल. दारासमोर ठेवणार आहे, छान रंग देऊन. आत माती भरून फुलझाडं लावणार."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा उसळणार, टेबलावर हात आपटणार, असं तिला वाटलं. तो टेबलक्लॉथची कड बोटांनी चाचपत बसला होता.

"लावू देत," तो म्हणाला.

तो भांडला असता तर बाई कदाचित लेकीच्याच बाजूने उभी राहिली असती. पण ते 'लावू देत' ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गर्दीच्या रस्त्यावर हॉर्न न वाजवता बस काढणारा हा माणूस, कुणाच्या बापाला न घाबरणारा, आणि आज त्याच्या तोंडून हे?

"कुणी माती भरायची नाही," ती म्हणाली. "माझ्या सवतीला शिव्या द्यायच्या तर मी देईन. बाकीच्यांनी हात लावायचा नाही."

"आई, तू त्या होडीत एकदासुद्धा बसली नाहीस!"

"नाही ना? मग आता बसेन."

दुसऱ्या दिवशी ती होड्या दुरुस्तीच्या यार्डात गेली. तिथे होड्या लाकडी ठोकळ्यांवर उभ्या होत्या, पोटाला शेवाळ आणि शिंपले. नवऱ्याच्या होडीच्या मागच्या बाजूला दोन लोखंडी बिजागऱ्यांवर, दार टांगावं तसं, सुकाणू टांगलेलं होतं. म्हणजे त्याचा वरचा अर्धा भाग. खालचा समुद्रात गेला होता. मोडलेल्या जागी लाकूड तुसांसारखं पिंजलेलं. असलं मोडणं बाईने हाडांत ढिगाने पाहिलं होतं.

यार्डाचा मुकादम दाढी खाजवत आला. "बाई, या जातीच्या होड्या बनवणारे केव्हाच बंद झाले. तयार सुकाणू मिळायचं नाही. आणि मिळालं तरी चालवणार कोण? कप्तानांना दिसत नाही म्हणे."

"मी चालवीन."

मुकादमाला हसू आवरेना. "असं करा. सुकाणू बसवा, मला होडीत घ्या, आणि त्या पिवळ्या पिंपाला वळसा घालून परत आणा. मग होडी इथेच राहील, जागाही तुमची. नाहीतर तुमच्या लेकीने ठरवलेला कॅफेवाल्याचा ट्रक महिनाअखेर येतोय."

दूर पाण्यावर एक पिवळा पिंप डुलत होता. मुकादम गमतीत बोलला होता. बाईने ते गमतीत घेतलं नाही.

"शब्द दिलात," ती म्हणाली. "तुमच्या मनगटाला प्लास्टर घालताना तुम्ही आईच्या नावाने किती ओरडला होता, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तेवढं लक्षात असू द्या."

मोडकं सुकाणू तिने चादरीत गुंडाळलं आणि बसने घरी आणलं. कंडक्टरने विचारलं, "हे काय?"

"पेशंट," ती म्हणाली आणि त्याला खिडकीशी बसवलं.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून तिने सुकाणू आडवं केलं. वरचा भाग समोर होता, त्यावरून नमुना काढता येत होता. पण खालचा? तो केवढा होता, कसा वळला होता, याचं चित्र कुठेच नव्हतं.

"अहो, इकडे या."

"कशाला? मला काही दिसत नाही."

"दिसायला कोण सांगतंय? दरवर्षी याच्यावरचे शिंपले तुम्ही हाताने खरवडत होता ना? मग हातांना विचारा."

तो आला, तोंड पाडूनच. मोडक्या कडेवर तळवा ठेवला.  मग डोळे मिटून त्याने हवेत हात खाली नेला, सावकाश, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. बाई त्याच्या हाताखाली पेन्सिल चालवत गेली. कागद कापून तिने त्याच्या हातात दिला. त्याने कडेवरून अंगठा फिरवला.

"छे. इथे पोट जास्त आलंय. आत घे."

तिने कापलं.

"अजून. आणि खालची टाच एवढी टोकदार नको, गोल हवी. गवत अडकतं."

"आधी सांगायचं नाही का?"

"आधी तू विचारलं नाहीस."

कागदावर कागद वाया गेले. संध्याकाळी दोघं भांडत होती, आणि बाईच्या लक्षात आलं की आजाराचं कळल्यापासून नवरा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलतोय. तिने मुद्दाम आणखी एक चूक केली.

वखारीतून तिने पाण्यात टिकणारं प्लायवूड आणलं. आकार कापले, थरावर थर चिकटवले, वर कणकेचे डबे, इस्त्री, शिलाई मशीन, जड म्हणून जे जे घरात होतं ते सगळं ठेवलं. चिकटवायचं रसायन दोन डब्यांतलं एकत्र करून लावायचं होतं. बाईने ते अंदाजाने मिसळलं. प्लास्टरची पट्टी आयुष्यभर अंदाजाने भिजवली होती, मग हे काय मोठं? दुसऱ्या दिवशी वजनं काढली तर थर एकमेकांवरून सरकत होते आणि मधून गुळाच्या पाकासारखं काहीतरी ओघळत होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. ते वाळणारच नव्हतं.

नेमकी तेव्हाच लेक आली. टेबल चिकट, फरशी चिकट, आईचे केसही चिकट.

"झालं समाधान?" लेक म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "आई, बाबा बुडाले असते त्या दिवशी. तुला कळतंय का? आणि तू त्यांना परत तिथेच न्यायला निघालीस."

बाई खुर्चीवर टेकली.  लेकीचं चूक नव्हतंच.

"बुडाले नाहीत," ती शेवटी म्हणाली. "पण या खुर्चीत रोज थोडे थोडे बुडत होते. ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. बाळा, हाड मोडलं म्हणून पाय कापत नाहीत."

"हे हाड नाहीये, आई."

"नाही. हाड निदान आपोआप जुळतं. हे मलाच जुळवावं लागणार."

लेक पाय आपटत गेली. बाईने पदर खोचला, सगळे थर सोडवले, पटाशीने खरवडून लख्ख केले आणि डब्यावरच्या सूचना पहिल्यापासून वाचल्या. या वेळी रसायन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलं. दोन दिवसांनी वजनं उतरवली आणि तिने वर हातोडी मारून पाहिली. खणखणीत आवाज आला.

रंधा मात्र नवऱ्याने मारला. सुकाणू पुढून जाड आणि मागून पातळ लागतं, दोन्ही अंगं सारखी उतरती. ती बघत होती आणि तिला दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. तो तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, "डावीकडे जाड आहे." पुन्हा रंधा. त्याच्या पायाशी भुशाचा ढीग झाला. त्याच्या भुवयांवर, मिशांवर भुसा बसला होता आणि तो शीळ घालत होता.

मग फायबरचं कापड गुंडाळायचं काम आलं, आणि तिथे बाईला कुणी काही सांगायची गरज नव्हती. हातमोजे चढवून तिने कापड त्याच रसायनाने ओलं केलं, घट्ट ओढलं, तळव्याने दाबून त्यातले हवेचे बुडबुडे कडेला पळवले. सुरकुती पडू दिली नाही. "हलायचं नाही," ती सवयीने सुकाणूला म्हणाली. "नाहीतर वाकडं बसेल."

ठरलेल्या सकाळी लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट आवळून मुकादमाच्या माणसांनी सुकाणू बिजागऱ्यांत उतरवलं. मुकादमाने ते हलवून पाहिलं, ठोकून पाहिलं, आणि खोड काढायला काही सापडलं नाही म्हणून म्हणाला, "रंग बरा नाही."

"रंगाने वळत नाही होडी. पाण्यात सोडा तिला आणि बसा आत."

लेक धक्क्यावर उभी होती, हाताची घडी घालून. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

नवऱ्याने शीड हाताने चाचपून वर चढवलं. बाई मागे बसली, सुकाणूचा लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरून, पेशंटचा पाय धरावा तसा. तो तिच्यापुढे बसला, वाऱ्याकडे कान करून.

"बसच्या उलट," तो म्हणाला. "दांडा उजवीकडे ढकललास की होडी डावीकडे जाते."

"असं कसं?"

"असंच. तिला विचार."

धक्का मागे सरकला. पाणी सुकाणूवरून जाताना दांड्यात एक बारीक थरथर आली आणि तिच्या कोपरापर्यंत चढली. होडी पळत होती. सगळं ठीक चाललं होतं, आणि मग पिंप जवळ येताच बाईने घाईत दांडा भलतीकडे लोटला. होडी गर्रकन वाऱ्याच्या तोंडाशी गेली, शीड फडफडा आपटायला लागलं, आणि ती जागच्या जागी डुलत थांबली. मुकादमाने दांड्याकडे हात नेला.

"पुरे झालं, बाई. द्या इकडे, मी नेतो परत."

"हात लावाल तर दुसरं मनगट माझ्याकडेच घेऊन यावं लागेल."

मुकादमाने हात मागे घेतला.

"घाबरू नकोस," नवरा शांतपणे म्हणाला. बसमध्ये गोंधळ झाला की तो याच आवाजात बोलायचा. "होडी मागे सरकतेय. सरकू दे. दांडा मध्ये धर. आता वारा माझ्या डाव्या कानावर आला. आता दांडा आपल्याकडे ओढ. हळू. अजून."

शीड भरलं. होडी कलली आणि सुटली. पिवळा पिंप त्यांच्या बाजूने गेला, इतका जवळून की त्यावर बसलेला पक्षी वैतागून उडाला. बाईच्या तोंडून आरोळी निघाली. आपण ओरडतोय हे तिला नंतर कळलं.

"मानलं," मुकादम म्हणाला. "जागा तुमची. चला आता धक्क्याला."

समोर धक्का दिसत होता. लेक टाचा उंचावून बघत होती. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे तोंड करून बसला होता आणि मांडीवर ठेवलेली त्याची बोटं, कशाला तरी धरल्यासारखी, वळलेली होती.

"अहो, इकडे या मागे."

"का?"

"माझे हात भरून आले. धरा हे."

"बाई!" मुकादम ओरडला. "त्यांना दिसत नाही!"

"मला दिसतंय ना? तुम्ही गप्प बसा आणि कडेला घट्ट धरा."

नवरा सरकत आला. तिने होडी पुन्हा समुद्राकडे वळवली आणि त्याचा हात उचलून दांड्यावर ठेवला. त्याने मूठ आवळली, किंचित ढकललं, किंचित ओढलं, आणि पाण्याने दिलेलं उत्तर ऐकत बसला. त्याचा चेहरा तिने नीट पाहिला नाही. तिला समोर बघायचं होतं.

"जड आहे जरा," तो म्हणाला.

"नवीन आहे. होईल सैल. समोर मोकळं आहे. उजवीकडे एक मच्छीमार, लांब. त्याला सोडून चला."

"धक्का कुठे?"

"मागे टाकला."

धक्क्यावरून लेक हात हलवत काहीतरी ओरडत होती. रागाने की कसं, ते एवढ्या लांबून कळेना. बाईने तिला हात केला, आणि होडी परत पिंपाच्या दिशेने निघाली.